पाण्याला रानू म्हणतात

अर्धा तास आधी काही खायचं नाही,
प्यायचं नाही, तंबाखू तर मुळीच नाही.
मग नळीवरच्या काळ्या रेघेपर्यंत थुंकायचं.
फेस धरायचा नाही.

मानानजारीच्या दक्षिणेला, कालव्याकाठच्या गावांतून
मी हे दिवसभर सांगत फिरते.
मासळीवाले हसतात. पोरं पैज लावून
रेघेच्या वर भरून दाखवतात.
म्हाताऱ्यांची तोंडं कोरडी,
त्यांच्यासाठी पिशवीत लिंबू ठेवते.
चाखायचं नाही. कापलेलं नुसतं बघायचं.

रावेलुनूरुने लिंबाकडे बघितलंसुद्धा नाही.
चटईवर पाय लांब करून म्हणाली,
"माझी थुंकी नेऊन करणार काय तुम्ही?"

मी पाठ केलेलं सगळं सांगितलं.
आईकडून लेकीकडे, लेकीकडून तिच्या लेकीकडे
एक धागा येतो, बापाचा हात न लागता.
तो उसवत मागे गेलं
तर हा अख्खा समुद्र ओलांडून
बोर्निओच्या एका नदीकाठी पोचता येतं.
हजार-बाराशे वर्षं झाली असतील,
जेमतेम तीस बायका, असा हिशेब निघतो.
बापांचा धागा वेगळा, तो पुष्कळदा
पलीकडच्या आफ्रिकेतून येतो.

"तीस!" ती म्हणाली. "आमच्याकडे एका लग्नाचा भात
रांधायला याहून जास्त लागतात."
मग गप्प बसली. वाटलं, झोपली.
"आणि एकतिसावी?"

मला वाटलं, आकडा नीट कळला नसेल.

"जी होडीत होती, पण जिला मुलगेच झाले.
जी उतरली आणि पहिल्याच पावसाळ्यात तापाने गेली.
तिचं काय दिसतं तुमच्या यंत्रात?"

काहीच दिसत नाही.
हे मी म्हटलं नाही. पेटीचं झाकण उघडून
बर्फ किती उरलाय ते पाहिलं.
मला दोन मुलगे आहेत, तूकी आणि हाझा.
राजधानीतल्या फ्रीजमध्ये माझीही एक नळी आहे,
शिकताना सरावासाठी भरलेली.
तिच्यातली ओळ माझ्यापाशी थांबते,
चटई विणता विणता बाई
पाणी आणायला उठून जावी, तशी.

डॉक्टर सांगतात, त्या नदीकाठी
आजही पाण्याला रानू म्हणतात.
आम्हीही रानूच म्हणतो.
दगड, आभाळ, मेलेला माणूस,
वाटेत सगळे शब्द थोडे थोडे झिजले.
पाणी झिजलं नाही.

रावेलुनूरुने तांब्या ओढला,
मी "नको, नको" म्हणेपर्यंत घोट घेतला,
आणि माझ्या डोक्यावर फुंकला.
मोठ्यांनी निघणाऱ्यावर असं पाणी फुंकायचं,
आमच्यात याला त्सुद्रानू म्हणतात.
माझ्या आईने लग्नाच्या दिवशी फुंकलं होतं,
त्यानंतर कुणी नाही.
"मुलगे तर मुलगे," ती म्हणाली.
मी तिला मुलांचं काहीच सांगितलं नव्हतं.

नियमाप्रमाणे नमुना बाद.
पुन्हा अर्धा तास थांबायचं.
थांबलो. तिने नातवाच्या होडीचं भोक,
सुनेचं माहेर, लवंगेचा पडलेला भाव सांगितला.
मी घड्याळ बघायचं विसरले,
चाळीस मिनिटं झाली होती.
मग ती रेघेपर्यंत थुंकली, फेसाशिवाय,
इतक्या नीट की दिवसभरात कुणी थुंकलं नव्हतं.

केसांतलं पाणी लेबलवर पडलं.
एकशे सतरामधला सात पसरून
एकासारखा दिसायला लागला. मी पुन्हा गिरवला.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पाणी प्यायली.
कुणाला दिलं, ते विचारायला रकाना नाही.

परतीच्या टॅक्सीत अठरा माणसं, तीन कोंबड्या,
पेटी माझ्या मांडीवर.
शेजारचा म्हणाला, "कोळंबी का?"
मी हो म्हटलं.
केस अजून ओलेच होते.